थर्मलचं दहावं युनिट

"काकू, सकाळी सकाळी तुमच्याकडून घूं-घूं आवाज येते. घरघंटी घेतली का?"

शेजारणीनं कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली, म्हणजे आता अर्ध्या तासाची निश्चिंती. खांद्यावर जुनी सुती साडी होती, गच्चीवरच्या कुरड्यांवर घालायला. आमच्या चंद्रपूरच्या तुकूमला वाळवण उघडं टाकायची सोय नाही. सकाळच्या पांढऱ्या कुरड्या संध्याकाळपर्यंत करड्या होतात. कोळशाच्या गावात नांदायचं तर एवढं चालायचंच.

"घरघंटी नाही गं, सायकल आहे."

"घरात?"

"घरातच. जागच्या जागी फिरते. ती स्मार्ट सायकल म्हणतात ना, ती."

"अगं बाई! काका चालवतात?"

"काका नाही चालवत. काका पाहतात."

आता तिला राहवेना. साडी भिंतीवर टाकली अन् खरं कारण बाहेर आलं. तिच्या मिस्टरांची शुगर बॉर्डरवर आलेली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज अर्धा तास घाम निघाला पाहिजे. ते कोळसा खाणीत ड्युटीला, आज फर्स्ट शिफ्ट तर उद्या नाईट. चालायला जायचा वेळ ठरत नाही.

"मोबाइलवर पाहून राहिली मी त्या सायकली. सगळ्यांना साडेचार-पाच स्टार. पण लोक खोकं उघडलं त्याच दिवशी लिहितात हो. दोन वर्षांनी काय झालं, कोणी सांगतच नाही. तुमची तर जुनी आहे ना?"

"२०२२ ची आहे. बस, सांगते."

बसायला भिंतीपलीकडे काहीच नव्हतं, पण ती कुंडीच्या काठावर टेकली.

"घेतली ती तुझ्या काकांसाठीच. सारी हयात थर्मल पॉवर स्टेशनमध्ये शिफ्ट ड्युटी. रिटायर झाल्यावर म्हणे आझाद बागेत चालतो. तिथं चालणं कमी अन् राजकारण जास्त. मग म्हणाले, ताडोबा रोडनं सायकल मारतो, दुर्गापूर, ऊर्जानगर करून येतो. तेवढ्यात त्या फेब्रुवारीत थर्मलच्या आवारात ड्युटीवरून घरी येणाऱ्या कामगाराला वाघानं मारलं."

"हव, अन् त्याच आठवड्यात दुर्गापुरात बिबट्यानं पोराला नेलं. आम्ही तर पोरांना अंगणातसुद्धा सोडत नव्हतो."

"मंग सांग, कोण पाठवते नवऱ्याला पहाटे सायकलवर? वाघाचं सोड, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४६-४७ ला जाते. सकाळी आठला ऊन चटका देते अन् श्वासाबरोबर धूळ आत जाते. पुण्यातल्या माझ्या बहिणीला हसू आलं होतं, म्हणे रस्ते सोडून घरात सायकल कशाला. तिला म्हटलं, तुझ्या रस्त्यावर फार तर कुत्रं मागं लागते."

सायकल आली तेव्हा काकांनी खोकं स्वतः उघडलं. थर्मलच्या माणसाला नटबोल्टची गोष्ट म्हणजे सणच. सारा दिवस जोडणीत गेला. पण चालवायची वेळ आली तसं एक दिवस गुडघा, एक दिवस सर्दी, एक दिवस पाहुणे. कपाटात डॉ. अभय बंगांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' आहे. गडचिरोलीच्या डॉक्टरांचं, म्हणून आपल्या घरचंच समजायचं. काकांनी ते दोनदा वाचलं. वाचूनच अर्धं बरं वाटते, म्हणतात.

"मग एक दिवस मीच बसली. पैसे दिले होते ना बाप्पा, तीस हजारांच्या आत-बाहेर! अन् बसली ती बसलीच. आता मी चालवते अन् काका खुर्ची टाकून पडद्यावरचे आकडे पाहतात. मी युनिट, ते कंट्रोल रूम."

शेजारीण खळखळून हसली. म्हटलं, थांब, अजून ऐक.

"तिच्यावर वॅट दिसतात. मी साठ वॅटनं चालवते. काकांनी पहिल्याच आठवड्यात वहीत हिशेब मांडला. साठ वॅट, अर्धा तास, म्हणजे तीस वॅट-अवर. महिनाभर रोज मारली तरी एक युनिट वीज पुरती होत नाही. म्हणाले, आपलं पाचशे मेगावॅटचं युनिट फुल लोडवर तासाला पाच लाख युनिट देते. तुझं महिन्याचं उत्पादन म्हणजे पाऊण किलो कोळसा."

"असं म्हणाले?"

"असंच म्हणाले. थर्मलमध्ये नऊ युनिट उभी राहिली. पहिलं १९८३ सालचं. दोनशे दहाची पहिली दोन आता बंद आहेत, बाकी सात मिळून २,९२० मेगावॅट. म्हणे तू दहावं. तेव्हापासून माझं नाव दहा नंबर. अन् उन्हाळ्यात मी कूलर लावला तर अजून एक हिशेब. कूलर दोनशे वॅटचा, अर्ध्या तासात शंभर वॅट-अवर खाते. तू काढते तीस अन् खाते शंभर! म्हणे कोणत्या पॉवर स्टेशनचं ऑक्झिलरी कन्झम्प्शन तीनशे टक्क्यांच्या वर असते?"

"मग कूलर बंद करायचा का?"

"वेडी का? तो बंद केला तर दहा नंबर कायमचं बंद. त्यातही त्यांचंच शास्त्र माझ्या कामी आलं. थर्मलमध्ये कोळसा जाळला तर त्यातला तिसरा हिस्सा वीज होते, बाकीची उष्णता. माणसाचं तर त्याहून वाईट, वीस-पंचवीस टक्के पायडलमध्ये उतरते अन् बाकी सगळं अंगात तापते. रस्त्यावर निदान वारा लागते, घरात तो कुठून येणार? मी म्हटलं, मग मला कूलिंग टॉवर नको का? त्यावर गप्प बसले. तुला सांगून ठेवते, सायकलच्या किमतीत एक पंखा धरूनच चाल. उन्हाळ्यात कूलर चालते, हवा कोरडी असते. पावसाळ्यात कूलर लावला तर खोलीचा दमटपणा वाढते अन् घाम वाळतच नाही. तेव्हा नुसता पंखा, समोरून."

"अन् कॅलरी? त्या मोबाइलवर तर पाचशे-पाचशे कॅलरी लिहितात."

"पाचशे जाळायला जवान पोरगा पाहिजे. माझ्या अर्ध्या तासात शंभरच्या थोड्या वर. अर्धी पुरणपोळी पण जिरत नाही त्यात. म्हणून कॅलरी पाहूच नको. डॉक्टर लोक आठवड्याला दीडशे मिनिटं म्हणतात ना, जागतिक आरोग्य संघटनेचाच आकडा आहे तो. अर्धा तास, पाच दिवस. तेवढं झालं की वही बंद."

तेवढ्यात आमच्या भांड्यांच्या मावशी आल्या. त्या सायकलला पहिल्या दिवसापासून ओळखून आहेत. पायरीवर चप्पल काढता काढता म्हणाल्या, "बाई, हे सायकल कोठंच नाई जात, मंग येले लाईन कायले लागते? माह्या नातीले चामोर्शीले शाळेतून मानव विकासची सायकल भेटली. ते तं बिगर लाईनची रोज शाळेत नेते अन् वापस आणते."

यावर आम्हां दोघींकडे उत्तर नव्हतं. गडचिरोलीकडच्या गावांत आठवीपासून पुढच्या पोरींना मानव विकास कार्यक्रमात ती सायकल मिळते. शाळा चार-पाच किलोमीटर लांब असली तरी पोरगी शाळा सोडत नाही, ते त्या दोन चाकांमुळं. आमची सायकल हॉलमधून बेडरूमपर्यंतसुद्धा गेली नाही. तिला सरकवायचं तर पुढं दोन बारकी चाकं दिली आहेत, तेवढाच तिचा प्रवास.

मावशी आत गेल्या. शेजारीण पुन्हा मुद्द्यावर आली.

"बिघडली का कधी?"

"लोखंड नाही बिघडलं. हे लक्षात ठेव. आतलं जड चाक, पट्टा, बेअरिंग, सगळं जिथल्या तिथं. चाकाला आवरायचं कसं, यात दोन प्रकार असतात. स्वस्तातल्यामध्ये चाकावर लोकरीच्या नमद्याचा तुकडा दाबतात. तो घासते, वास मारते, वर्षा-दोन वर्षांत बदलावा लागते. आमच्यात चुंबक आहे, तो चाकाला टेकतच नाही. काकांनी मला जुन्या वीज मीटरचं उदाहरण दिलं. त्यात ती ॲल्युमिनियमची चकती फिरायची ना, तिला शेजारचं चुंबक हात न लावता आवरून धरायचं. तेच इथं. टेकणंच नाही तर झिजेल काय? साखळीऐवजी पट्टा आहे, म्हणून आवाजही घूं-घूं एवढाच. साखळीची असती तर तू पहिल्याच दिवशी भांडायला आली असती."

"मग खर्च काहीच नाही?"

"घामाचा आहे. घाम म्हणजे मीठ. मी चालवते तेव्हा हॅन्डलच्या खालच्या बोल्टवर टपटप पडते. पहिल्या पावसाळ्यानंतर पाहिलं तर त्या बोल्टच्या टोपीच्या खाचेत पांढरं मीठ साचलेलं अन् त्याच्या खाली गंज. सीट वर-खाली करायच्या नळीलाही तसंच. तेव्हापासून उतरलं की ओलं फडकं, मग कोरडं फडकं, अन् महिन्यातून एकदा बोल्टवर तेलाचं बोट. सीटची नळी अधूनमधून पूर्ण बाहेर काढून पुसायची, नाही तर एकाच जागी धरून बसते. तुमच्याकडे दोघं चालवाल, उंची वेगळी, तर ती रोजच वर-खाली होईल. उंची कशी बघायची ठाऊक आहे का? टाच पायडलवर ठेवून पाय सगळ्यात खाली नेला की गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पंजा ठेवून चालवलं की आपोआप थोडासा वाकते. सीट खाली ठेवून चालवणारे दोन महिन्यांत गुडघे धरून बसतात अन् बदनाम सायकल होते."

"आमचे हे तसेच चालवतील."

"मग एक दिवस टक-टक आवाज सुरू झाला. डावा पाय खाली गेला की टक. काकांनी पाना घेतला, कसकस कसलं. दुसऱ्या दिवशी आवाज दुप्पट, तिसऱ्या दिवशी पायडल डगडग हलायला लागलं. कंपनीच्या नंबरवर फोन केला. ते म्हणाले, माणूस नागपूरहून येईल. दीडशे किलोमीटर! आठ दिवसांनी तो आला, पाहिलं अन् म्हणे क्रँकचा पूर्ण सेट बदलावा लागेल, पार्ट मागवावा लागेल. किंमत ऐकून काकांनी त्याला चहा पाजून परत पाठवला."

"मग?"

"मग जटपुरा गेटकडे आमचा जुना सायकलवाला आहे, त्याला आणलं. आल्या आल्या विचारलं, कसताना पाना कोणीकडे फिरवला? काका म्हणाले, उजवीकडे, सगळे बोल्ट कसतो तसा. तो हसला. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, साहेब. प्रत्येक सायकलला, मग ती शाळेतल्या पोरीची असो की ही महागडी. सरळ आटे ठेवले तर पाय मारता मारता पायडल आपोआप सुटते, म्हणून. तुम्ही कसत नव्हते, सोडवत होते. पंधरा नंबरचा पाना घेतला, आट्यांवर ग्रीसचं बोट फिरवलं, डावीकडे दोन झटके. आवाज बंद. पैसे घ्यायलाही लाजत होता. सारी हयात टर्बाइन सांभाळलेला माणूस आमच्या घरात आटे शिकला."

आतून काकांचा आवाज आला, "टर्बाइनला पायडल नसते!"

म्हणजे ऐकणं चालू होतं.

"आता खरी गोष्ट ऐक," मी आवाज खाली आणला, "लोखंड टिकते, पण त्यातलं स्मार्ट टिकत नाही. पहिलं वर्ष अ‍ॅप फुकट. मोबाइल जोडला की एक पोरगी इंग्रजीत ओरडायची, कम ऑन, यू कॅन डू इट. मला बरं वाटायचं, घरात असं कोणी म्हणत नाही. वर्ष संपलं, वर्गणी सुरू. ती भरली. मग अ‍ॅप बदललं, नवीन लॉगिन मागितलं, जुना रेकॉर्ड गेला. अन् एक दिवस मेसेज आला की या मॉडेलला आता अपडेट नाही. चाक फिरून राहिलं, मी घाम गाळून राहिली अन् मोबाइलवर फक्त तो गोल-गोल फिरणारा भोवरा."

"मग सायकल बंद पडली?"

"नाही, तेच तर सांगते. आमच्या सायकलला लोड वाढवायची गुंडी आहे, हातानं फिरवायची. म्हणून वाचलो. काही सायकलींचा लोड अ‍ॅपमधूनच बदलते. अ‍ॅप गेलं तर एकाच लोडवर बस आयुष्यभर. घेताना हे आधी बघ."

माझा पुतण्या दिवाळीत आला, त्यानं दुसरी वाट काढून दिली. ब्लूटूथवाल्यांनी व्यायामाच्या यंत्रांसाठी एक सामायिक भाषा ठरवून ठेवली आहे, फिटनेस मशीन सर्व्हिस, थोडक्यात एफटीएमएस. सायकल ती बोलत असेल तर ती भाषा जाणणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या अ‍ॅपला आकडे समजतात. आमची बोलत होती. पुतण्यानं किनोमॅप लावून दिलं. लोकांनी खऱ्या रस्त्यांवर सायकल चालवून घेतलेले व्हिडिओ असतात त्यात, आपण पायडल मारू तसा रस्ता पुढं सरकतो. झ्विफ्टही चालतं, पण त्यात सगळा खेळासारखा मामला आहे, रंगीत बेटं अन् ज्वालामुखी. सध्या माझ्या पडद्यावर आल्प्स असतात अन् खिडकीतून थर्मलची चिमणी.

"आपलंच नाही, अमेरिकेतही स्मार्टचं हेच," मी सांगितलं. "माझी भाची न्यू जर्सीला आहे, तिच्याकडून कळते. तिकडची ती मोठी कंपनी, पेलोटन. २०१२ मध्ये निघाली अन् कोरोनात तिच्या सायकलींवर उड्या पडल्या. जिम उघडल्या तसं सगळं उतरलं. २०२२ मध्ये महिन्याची वर्गणी ३९ डॉलरवरून ४४ झाली. २०२३ मध्ये सीटची दांडी तुटते म्हणून बावीस लाख सायकलींसाठी नवी दांडी फुकट द्यावी लागली. अन् २०२४ मध्ये कोणाची जुनी विकत घेतली तरी ती चालू करायची वेगळी फी लावली, ९५ डॉलर."

"जुन्या सायकलला चालू करायची फी? हे तर फेरफारासारखं झालं."

"म्हणून म्हणते, घ्यायच्या आधी एवढंच विचार. अ‍ॅप उद्या बंद झालं तर सायकल चालेल का? लोड हातानं बदलते का? एफटीएमएस आहे का? चुंबक आहे की नमदा? किती किलोच्या माणसाला चालते? पार्ट कुठून येतील अन् माणूस कुठून येईल? चंद्रपूरला कोणी नसेल तर नागपूरवाल्याची वाट पाहण्याची तयारी आहे का? पाच स्टार यातल्या एकाचंही उत्तर देत नाहीत."

ती बोटांवर मोजत होती. मग थोडं थांबून म्हणाली, "पण काकू, खरं सांगा. ती पोरगी ओरडायची बंद झाली, तरी तुम्ही चालवताच नं? मग काहून चालवता?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मी काकांनाही कधी सांगितलेलं नाही.

"बघ, बागेत जायचं तर बाईला आधी नळाचं पाणी भरावं लागते, मग डबा, मग कपडे बदला, मग कोण कोण बाहेर बसलंय ते पाहा. काका चप्पल घातली की निघाले. मी निघाली की चार जण विचारतात, कुठं, कधी येशील, गॅसवर काय आहे. सायकलवर बसली की जुना पंजाबी ड्रेस, खोलीचं दार लोटलेलं, आकाशवाणी चंद्रपूर लावलेली. तेवढा अर्धा तास मला कोणी चहा मागत नाही. काका पण नाही, कारण त्यांना आकडे लिहायचे असतात. बाकी लॉगिन गेलं, रेकॉर्ड गेला, पण ते दार लोटलेलं राहिलं. गुडघा सुधारला, झोप लागते, ते वरचं."

शेजारीण काही बोलली नाही. तिच्याकडे सासू, दोन पोरं, शिफ्टचे डबे. पहाटे चारला तिच्या स्वयंपाकघरातला दिवा लागतो, ते मला आमच्या खिडकीतून दिसते.

"म्हणजे यांच्यासाठी घेऊ नको म्हणता?"

"तसं कुठं म्हटलं? त्यांना उद्यापासून आमच्याकडे पाठव. ड्युटी सुटली की यावं, पंखा लावून देते. पंधरा दिवस टिकले तर घे. नाही टिकले तर..."

"तर?"

"तर तुझी उंची बघून सीट लावू."

ती अशी लाजली, जशी कोणी चोरी पकडावी. साडी उचलून झटकली, पण निघेना. आतून काका ओरडले, "दहा नंबर ट्रिप झालं का? दूध उतू चाललं!"

मी धावले. मागून शेजारणीचा आवाज आला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"काका, अकरा नंबरचं कमिशनिंग कधी करता?"